परदेशातून दारू आणताना: मराठवाड्यातल्या प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

परदेशातून येताना शुल्क न भरता माणशी दोन लिटर दारू आणता येते, हा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. अडचण येते ती मुंबई किंवा हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाबाहेर पाऊल ठेवल्यावर. तिथून नांदेड, लातूर, बीड किंवा जालन्यातलं घर अडीचशे ते पाचशे किलोमीटरवर असतं, आणि या वाटेवर केंद्राचा कस्टम कायदा संपून राज्यांचे दारूचे कायदे सुरू होतात. म्हणून खालचे प्रश्न विमानतळावर थांबत नाहीत, घरापर्यंत येतात.

शुल्क न भरता नक्की किती आणता येते?

माणशी २ लिटर. व्हिस्की, रम, वाईन, बिअर, लिकर, साके सगळं मिळून २ लिटर. दोन लिटर व्हिस्की आणि वर दोन लिटर वाईन असा वेगवेगळा हिशेब नाही. ५० मिलीच्या छोट्या बाटल्याही मोजल्या जातात. दारू भरलेली चॉकलेटं मात्र यात धरत नाहीत.

बाटल्यांचा मेळ कसा घालायचा?

चूक बहुधा इथेच होते, कारण प्रत्येक देशात बाटलीचं माप वेगळं. आपला खंबा ७५० मिलीचा. युरोपात व्हिस्की ७०० मिलीत मिळते, विमानतळावरच्या ड्युटी फ्री (शुल्कमुक्त) दुकानात १ लिटरची, आणि अमेरिकेत १.७५ लिटरची दांडीवाली बाटलीही असते. लंडनहून येणारा माणूस ‘तीनच तर बाटल्या आहेत’ म्हणून ७०० च्या तीन घेतो. होतात २.१ लिटर, म्हणजे मर्यादेपेक्षा १०० मिली जास्त. वाईनच्या तीन बाटल्या म्हणजे २.२५ लिटर, त्याही जास्तच.

मर्यादेत बसणारे मेळ असे: १ लिटरच्या दोन, ७५० च्या दोन आणि ५०० ची एक, १ लिटरची एक आणि ७५० ची एक (यात २५० मिली शिल्लक राहतात), ३३० मिली बिअरचे सहा कॅन, म्हणजे १.९८ लिटर, ५०० मिलीचे चार कॅन, बरोबर २ लिटर.

थोडं जास्त झालं तर अधिकारी सोडून देईल, असं धरून खरेदी करू नये. सोडलं तर त्याचा चांगुलपणा. तो तुमचा हक्क नाही.

घरातली चार माणसं सोबत येतोय. माझ्या बॅगेत आठ लिटर चालेल का?

नाही. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. प्रत्येकाने आपल्या दोन लिटर आपल्या बॅगेत ठेवाव्यात आणि पावतीही शक्यतो ज्याच्या त्याच्या नावावर घ्यावी. शाळकरी पोरांच्या नावावर बाटल्या दाखवण्याचा विचार तर मनातही आणू नये. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतं. मुंबईला उतरणाऱ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

विमानतळावर उतरल्यानंतरच्या ड्युटी फ्री दुकानातली बाटली या दोन लिटरमध्ये मोजतात का?

मोजतात. दुबईहून दोन आणल्या आणि मुंबईत बॅगेची वाट पाहता पाहता आणखी दोन घेतल्या, तर हिशेब चार लिटरचा होतो. दुकानदाराला तुमच्या बॅगेत काय आहे ते माहीत नसतं. तो पासपोर्ट पाहून विकतो, पुढची जबाबदारी तुमची.

सौदी आणि कुवेतमधून येणाऱ्यांना हेच दुकान सोयीचं पडतं, कारण तिथे दारूवर बंदी आहे. उलट, युरोपातून येताना जेद्दाह, रियाध किंवा कुवेतला विमान बदलायचं असेल, तर हातातल्या पिशवीत बाटली नकोच. तिथल्या तपासणीत ती जाईल आणि त्यावर दादही मागता येणार नाही. शारजातही दारूविक्री नाही. दुबई आणि शारजा यांत जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर, पण कायदा पार वेगळा.

दोन लिटरच्या वर किती शुल्क लागतं?

व्हिस्की, रम, जिन, वोडका, वाईन यांवर किमतीच्या १५० टक्के. बिअरवर १०० टक्के मूळ शुल्क आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, एकूण ११० टक्के.

समजा, १ लिटरच्या तीन बाटल्या आणल्या आणि तिसरीची किंमत ३,००० रुपये आहे. तिच्यावर शुल्क ४,५०० रुपये, म्हणजे ती घरी येईपर्यंत ७,५०० ला पडली. बिअरची २४ कॅनची पेटी आणली तर सहा कॅन सवलतीत जातात आणि १८ उरतात. कॅन १०० रुपयांचा धरला तर १,८०० वर १,९८० रुपये शुल्क होतं. इतक्या खर्चात गावात थंडगार मिळाली असती, हे काउंटरवर उभं राहून कळण्यात अर्थ नाही.

तिन्ही बाटल्या वेगवेगळ्या किमतीच्या असतील, तर महागातल्या दोन सवलतीत धरून स्वस्तातलीवर शुल्क लावावं, अशी विनंती करता येते. त्यासाठी पावत्या हातात हव्यात. पावती नसेल तर किंमत अधिकारी ठरवतो. रुपयांत रूपांतरही कस्टमने अधिसूचित केलेल्या दराने होतं, गुगलवरच्या नाही.

२०२१ च्या अर्थसंकल्पात १५० टक्क्यांची फोड बदलली. ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी वाटणी झाली, बेरीज तीच राहिली.

बोर्बन या अमेरिकी व्हिस्कीवरचं शुल्क कमी झालंय, इंग्लंडशीही करार झालाय. मग स्कॉच स्वस्तात सुटेल का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बोर्बनवरचा बोजा १५० वरून १०० टक्क्यांवर आणला, हे खरं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचं शुल्क आधी ७५ आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं. पण या गोष्टी कंटेनरने माल आणणाऱ्या आयातदारांसाठी आहेत. करारातली सवलत घ्यायची तर माल त्याच देशात तयार झाल्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या दुकानाची पावती म्हणजे तो दाखला नव्हे. प्रवाशाने मनात १५० धरूनच हिशेब करावा. कमी लागलं तर आनंदच.

दोनच लिटर आणली, पण एक बाटली लाखाची आहे. तरी शुल्क लागेल?

लागू शकतं. या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दोन लिटर ही फक्त मापाची मर्यादा. त्याशिवाय सगळ्या नव्या सामानाच्या एकूण किमतीचीही एक मर्यादा असते आणि दारूची किंमत तिच्यातच धरली जाते. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय रहिवाशाला ती ५०,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ७५,००० आहे.

समजा, ७५० मिलीची १,१०,००० रुपयांची सिंगल माल्ट व्हिस्की आणली आणि दुसरं काहीच नाही. मर्यादेच्या वरचे ३५,००० रुपये शुल्काला पात्र ठरतात. त्यावर दीडशे टक्के लागत नाहीत, बॅगेजचा सर्वसाधारण दर लागतो. तो बरीच वर्षं अधिभार धरून ३८.५ टक्के आहे. त्या दराने १३,४७५ रुपये होतात. बाटलीसोबत फोन, घड्याळ, अत्तरं असतील तर तीही याच ७५,००० मध्ये मोजायची.

ग्रीन चॅनल की रेड चॅनल?

कस्टममधून बाहेर पडायच्या या दोन वाटा. मर्यादेत असाल तर ग्रीन. एक बाटली जरी जास्त असेल तरी रेड.

ग्रीनमधून चालत निघालात की ‘माझ्याकडे शुल्क लागेल असं काही नाही’ असं तुम्ही न बोलता सांगितल्यासारखं होतं. तिथे स्कॅनरमध्ये बाटल्या दिसल्या तर विषय शुल्काचा राहत नाही, खोट्या घोषणेचा होतो. सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार माल जप्त होऊ शकतो, तो सोडवायला दंड, वर माणसाला वेगळा दंड आणि शुल्क तर आहेच. रेडमध्ये जाऊन स्वतः सांगितलं तर फक्त शुल्क भरून सुटका होते. काचेच्या बाटल्या क्ष-किरणांत इतक्या स्पष्ट दिसतात की कपड्यांत गुंडाळून, बुटांत खुपसून काही साधत नाही.

क्रम असा. बेल्टवरून बॅगा घ्या. रेड काउंटरवर पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि पावत्या द्या. किती बाटल्या आहेत, किती मिलीच्या, ते स्वतःहून सांगा. शुल्काचा आकडा काढला की तो कशावर काढला ते विचारा, विचारायला काही हरकत नाही. पैसे भरून कस्टमची पावती घ्या आणि तिच्यावर मालाचं वर्णन नीट आहे का ते पाहा. पुढे रस्त्यावर तीच कामाला येणार आहे. कस्टमच्या ‘अतिथी’ ॲपवर ही घोषणा प्रवासाआधीही भरता येते.

शुल्क परवडत नसेल तर?

बाटली तिथेच सोडून देता येते. पण तुम्ही आखातात नोकरीला असाल आणि महिनाभरात परत जाणार असाल, तर आणखी एक वाट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. खरी घोषणा केलेली असेल, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० नुसार कस्टम ती वस्तू ठेवून घेतं आणि देश सोडताना परत देतं. स्वतः घेता आली नाही तर देशाबाहेर जाणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला तुम्ही त्यासाठी अधिकार देऊ शकता. ठेवताना मिळालेली पावती जपा, आणि परतीचं विमान शक्यतो त्याच विमानतळावरून घ्या. हैदराबादला ठेवलेली बाटली मुंबईत मागायला गेलात तर पंचाईत होईल.

विमानात बाटली कुठे ठेवायची?

हातातल्या सामानात फक्त सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातून घेतलेली, आणि तीही दुकानाने सील केलेल्या पारदर्शक पिशवीत, पावती बाहेरून दिसेल अशी. घरी पोचेपर्यंत पिशवी फोडू नका. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि फोडलेल्या पिशवीतली बाटली तिथेच राहते.

चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, मूळ सीलबंद बाटलीत. २४ टक्क्यांखालच्या बिअर-वाईनला ही अट नाही. ७० टक्क्यांच्या वरची रम किंवा ॲबसिंथ विमानात चालतच नाही, हातातही नाही आणि बॅगेतही नाही. लेबल वाचून घ्या. हा पाच लिटरचा आकडा विमानाच्या सुरक्षेचा आहे, त्याचा शुल्काशी संबंध नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि पाच लिटर घेऊन येतात.

बाटली बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. चारी बाजूंनी निदान चार बोटं कपडे हवेत. आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. नाहीतर फुटलेल्या रेड वाईनमध्ये भिजलेला लग्नाचा शालू घरी न्यावा लागतो.

मुंबईहून पुढे संभाजीनगरचं विमान आहे. मग?

कस्टम मुंबईतच होतं, चिकलठाण्याला नाही. बाहेर आल्यावर बाटल्या चेक-इन बॅगेत घाला आणि मगच देशांतर्गत विमानाच्या काउंटरवर बॅग द्या. ड्युटी फ्रीची पिशवी हातात धरून पुन्हा सुरक्षा तपासणीला गेलात तर वाद होतो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बॅग ३० किलोची आणि पुढच्या विमानात १५ किलोची असेल, तर जास्तीच्या वजनाचेही पैसे धरा. १ लिटरची काचेची बाटली दीड किलोच्या आसपास भरते.

हैदराबादला उतरून गाडीने येतो. वाटेत अडवलं तर?

नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या मंडळींना मुंबईपेक्षा शमशाबाद जवळ पडतं. पण झहीराबादहून बीदर करत उदगीरला या किंवा हुमनाबादवरून उमरग्याला, तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं एका दिवसात होतात. देगलूरकडून आलात तर दोन. दारू हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कायदा वेगळा आणि तपासणीही वेगळी. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर नाक्यानाक्यावर डिकी उघडायला लावतात.

अडवल्यावर तुमची बाजू सांभाळणारी कागदपत्रं अशी: ड्युटी फ्रीची किंवा परदेशातल्या दुकानाची पावती, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का, शुल्क भरलं असेल तर कस्टमची पावती आणि महाराष्ट्राचा परवाना. बाटल्या सीलबंदच हव्यात. अर्धी प्यायलेली बाटली आणि वाहनचालक एकाच गाडीत असले की तुम्ही कितीही खरं बोला, प्रश्न वाढतातच.

याच वाटेवर तेलंगणातल्या दुकानातून ‘असू द्या सोबत’ म्हणून आणखी चार बाटल्या घेणं सर्वांत महागात पडतं. दुसऱ्या राज्याच्या विक्रीची दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा आहे. ड्युटी फ्रीची पावती त्या चार बाटल्यांना लागू होत नाही आणि गाडीही जप्तीत अडकू शकते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क वाढवल्यापासून शेजारच्या राज्यातल्या बाटलीचा मोह वाढला आहे. त्याबरोबर तपासणीही आली.

नागपूरला उतरून नांदेडला आलो तर?

तर वाटेत वर्धा लागतो. नागपूर–तुळजापूर महामार्ग बुटीबोरी, वर्धा, देवळी, यवतमाळ, उमरखेड, हदगाव असा नांदेडला येतो, आणि सेवाग्रामचा हा जिल्हा दारूबंदीचा आहे. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. बाटली सोबत असेल तर नागपूरला उतरण्याचा बेत आखू नका. आखलाच, तर वर्धा जिल्ह्यात थांबू नका, कागद वरच्या खिशात ठेवा, आणि तरीही अडचण येऊ शकते हे धरून चाला.

घरी दारू ठेवायला खरंच परवाना लागतो?

लागतो. महाराष्ट्रात दारू विकत घेणं, बाळगणं आणि पिणं या सगळ्याला कागदावर परवाना लागतो. फार कमी लोक तो काढतात, आणि तपासणीत तेवढंच एक कलम पुरतं. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपये, देशीचा २ रुपये, वर्षाचा १०० रुपये आणि आजीवन १,००० रुपये. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर आधार, फोटो आणि वयाचा पुरावा देऊन तो मिळतो. परदेशवारी करणाऱ्याने आजीवन परवाना काढून पाकिटात ठेवावा, ड्युटी फ्रीत वाचलेल्या पैशांत तो कितीदा तरी निघतो.

नेपाळची यात्रा करून बसने परततोय. तिथून आणता येईल?

नाही. जमिनीच्या वाटेने येणाऱ्या प्रवाशाला वापरातल्या वैयक्तिक सामानाखेरीज सवलत नाही, दोन लिटरसुद्धा नाही. त्यातून बस रक्सौलवरून आली तर पाऊल बिहारमध्ये पडतं, आणि तिथे एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे. पशुपतिनाथाच्या प्रसादाबरोबर बाटली ठेवणाऱ्या एका प्रवाशामुळे अख्खी बस खोळंबते. ट्रॅव्हल्सवाल्यांनी निघतानाच हे सांगून टाकावं.

कुरिअरने किंवा मागून येणाऱ्या सामानात पाठवली तर?

चालत नाही. प्रवाशाची सवलत फक्त त्याच्या सोबतच्या सामानाला आहे, मागून जहाजाने येणाऱ्या पेटीला नाही. कायमचं परतणाऱ्यांनाही घरसामानाच्या सवलतीत जास्तीची दारू मिळत नाही. टपालाने दारू पाठवण्यावर तर बंदीच आहे.

मेहुण्यासाठी, साहेबांसाठी भेट म्हणून आणली तर वेगळी मोजतात?

भेट असो वा स्वतःसाठी, तुमच्याच दोन लिटरमध्ये. विकली तर मात्र गुन्हा. दुकानाचा परवाना असलेल्या ओळखीच्या माणसाला दिली तरीही. ‘दुबईचा माल आहे’ म्हणत गल्लीत बाटल्या फिरवणाऱ्यांच्या बाटल्या बऱ्याचदा बनावट निघतात, आणि पकडलं की खरी असो वा खोटी, कलम सारखंच लागतं.

देवगिरीने किंवा नंदीग्रामने घरी जातो. रेल्वेत नेलेली चालेल?

रेल्वेत वाटेतल्या राज्यांचेच कायदे लागू होतात. मुंबईहून जालना-परभणी-नांदेडपर्यंत सगळा महाराष्ट्र, त्यामुळे सीलबंद बाटली, पावती आणि परवाना असला की पुरे. डब्यात पिऊ मात्र नका. नशेत गोंधळ घालणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली गाडीतून उतरवता येतं आणि कैद-दंडही होतो. परतताना गुजरातमधून येत असाल, म्हणजे अहमदाबादला उतरून रेल्वे पकडणार असाल, तर तिथे दारूबंदी आहे. मुंबई किंवा हैदराबादचं तिकीट काढा.